निराळ्या रिझोल्यूशनच्या आणि प्रोजेक्शनच्या रास्टर प्रतिमांमध्ये पिक्सेलला पिक्सेल कसा जुळवावा

एकाच भूभागाच्या दोन उपग्रह प्रतिमा हाताशी असल्या, की पहिला प्रश्न हमखास असा पडतो: या प्रतिमेतला अमुक ओळीतला, अमुक स्तंभातला पिक्सेल त्या दुसऱ्या प्रतिमेत नेमका कुठे आहे? सेंटिनेल-२ या उपग्रहाचे काही पट्टे, म्हणजे प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीत घेतलेल्या प्रतिमा, १० मीटरच्या पिक्सेलचे, काही २० मीटरचे आणि काही ६० मीटरचे असतात. लँडसॅट ८ आणि ९ यांचे बहुतेक पट्टे ३० मीटरचे असतात. मोडिस या उपग्रहावरील संवेदकाची जमिनीवरील अनेक उत्पादने सायनुसॉइडल प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका पद्धतीत, येतात. आणि एसआरटीएम या रडार मोहिमेची उंचीची माहिती अक्षांश-रेखांशांच्या जाळ्यावर, अंशांमध्ये मोजलेली असते. यांतली कोणतीही दोन रास्टरे, म्हणजे पिक्सेलच्या ओळी-स्तंभांनी बनलेल्या प्रतिमा, घेतली, तरी त्यांच्या ओळी आणि स्तंभ यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो.

नवख्या माणसाला सुचणारा पहिला उपाय गुणोत्तराचा असतो: एक रास्टर १० मीटरचे आणि दुसरे ३० मीटरचे आहे, तेव्हा ओळ व स्तंभ यांना ३ ने भागले की झाले. दोन्ही रास्टरांची निर्देशक प्रणाली (ठिकाणाचे आकडे मोजण्याची पद्धत) तीच असेल आणि दोन्ही जाळ्यांचा आरंभबिंदू नेमका एकच असेल, तरच हा उपाय बरोबर ठरतो, आणि प्रत्यक्षात तसे क्वचितच असते. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट हीच जोडी पाहा. दोन्ही यूटीएममध्ये, म्हणजे जगाचे उभे विभाग पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत, येतात. पण सेंटिनेलच्या जाळ्यात यूटीएमच्या आरंभबिंदूशी पिक्सेलचा कोपरा जुळवलेला असतो, तर लँडसॅटच्या ३० मीटरच्या पट्ट्यांत पिक्सेलचा मध्य जुळवलेला असतो. त्यामुळे विभाग एकच असूनही ही दोन जाळी एकमेकांपासून दोन्ही दिशांना १५ मीटरने सरकलेली राहतात. शिवाय दक्षिण गोलार्धात सेंटिनेल दक्षिणेचे विभाग वापरतो, ज्यांत उत्तर दिशेच्या निर्देशकात १,००,००,००० मीटर मिळवलेले असतात. लँडसॅट मात्र तिथेही उत्तरेचाच विभाग वापरून ऋण निर्देशक देतो. गुणोत्तरावर विसंबणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

म्हणून एकच नियम पक्का धरावा: पिक्सेलवरून पिक्सेलवर थेट जायचे नाही, जमिनीवरून जायचे. पहिल्या रास्टरातल्या ओळ-स्तंभावरून त्याच्याच प्रणालीतले भू-निर्देशक काढावेत, ते दुसऱ्या प्रणालीत बदलावेत, आणि तिथून दुसऱ्या रास्टराचा ओळ-स्तंभ काढावा. पुढच्या पायऱ्या याच तीन टप्प्यांच्या आहेत. त्यांतली आकडेमोड सोपी आहे. चुका होतात त्या गृहीतकांत.

पहिली पायरी: दोन्ही रास्टरांची ओळख करून घेणे

जीडॅल या रास्टर हाताळणाऱ्या साधनसंचातील जीडॅलइन्फो ही आज्ञा चालवून, किंवा क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये थराचे गुणधर्म उघडून, पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: निर्देशक प्रणाली आणि तिचा ईपीएसजी क्रमांक (प्रत्येक प्रणालीला दिलेला प्रमाणित क्रमांक), ओळी व स्तंभांची संख्या, भू-रूपांतराचे (ओळ-स्तंभावरून जमिनीवर नेणारे) सहा आकडे, रिकाम्या पिक्सेलसाठी ठरवलेले मूल्य, आणि पिक्सेल हे क्षेत्र मानले आहे की बिंदू. शेवटची बाब बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि अर्ध्या पिक्सेलचा सरकाव बहुधा तिथूनच येतो.

रिझोल्यूशनचा आकडाही उत्पादनाच्या नावावरून घेऊ नये. मोडिसच्या ‘५०० मीटर’ म्हणवल्या जाणाऱ्या उत्पादनाचा पिक्सेल प्रत्यक्षात सुमारे ४६३.३१ मीटरचा असतो आणि ‘१ किलोमीटर’चा सुमारे ९२६.६३ मीटरचा. ५०० हा आकडा सूत्रात घातला, तर २४०० पिक्सेल रुंदीच्या एका तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत जवळजवळ ८८ किलोमीटरची चूक साचलेली असते. मोडिसची ही प्रणाली ६३७१००७.१८१ मीटर त्रिज्येच्या गोलावर आधारलेली आहे, डब्ल्यूजीएस ८४ या पृथ्वीच्या प्रमाण मापनप्रणालीच्या लंबगोलावर नाही. म्हणून प्रणालीची व्याख्या फाइलमधूनच वाचून घ्यावी, आठवणीतून लिहू नये.

दुसरी पायरी: ओळ-स्तंभावरून जमिनीवर

भू-रूपांतराचे सहा आकडे जीडॅलच्या क्रमाने ग० ते ग५ मानले, तर सूत्र असे होते:

क्ष = ग० + स्तंभ × ग१ + ओळ × ग२
य = ग३ + स्तंभ × ग४ + ओळ × ग५

ग० आणि ग३ हे रास्टराच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचे निर्देशक आहेत. ग१ ही पिक्सेलची रुंदी, ग५ ही उंची. ओळी वरून खाली मोजल्या जातात आणि उत्तरेचा निर्देशक खालून वर वाढतो, म्हणून ग५ सामान्यतः ऋण असतो. ग२ आणि ग४ हे जाळे तिरके असल्यास कामाला येतात. उत्तर वर असलेल्या रास्टरात ते शून्य असतात. ते शून्य आहेत असे मानून सूत्र लहान करण्याचा मोह टाळावा, कारण विमानातून घेतलेली एखादी तिरकी प्रतिमा आली, की लहान केलेले सूत्र कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देते.

पायथॉनमध्ये रास्टेरिओ हे ग्रंथालय (तयार कोडचा संच) वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा: तिथे हेच सहा आकडे ग१, ग२, ग०, ग४, ग५, ग३ या क्रमाने मांडलेले असतात. एका ग्रंथालयातून घेतलेले आकडे दुसऱ्यात तसेच चिकटवले, तर उत्तर इतके विपरीत येते की चूक लगेच दिसते. त्या मानाने ही चूक बरी.

वरच्या सूत्रात पूर्णांक घातले की पिक्सेलचा वरचा डावा कोपरा मिळतो. आपल्याला पिक्सेलचा मध्य हवा असतो, म्हणून ओळ आणि स्तंभ या दोहोंत ०.५ मिळवूनच सूत्र वापरावे. कोपरा वापरला तर तो बिंदू चार पिक्सेलच्या सीमेवर पडतो, आणि दशांश स्थळांच्या किरकोळ फरकाने तो यांतल्या कोणत्याही पिक्सेलमध्ये मोजला जाऊ शकतो. एका पिक्सेलची उडी कुठे दिसते, कुठे दिसत नाही, असे झाले, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

बिंदू आणि क्षेत्र यांतला भेद एसआरटीएमच्या तुकड्यात स्पष्ट दिसतो. एक अंश लांबी-रुंदीच्या आणि एक सेकंद अंतराच्या तुकड्यात ३६०० नव्हे तर ३६०१ ओळी व तितकेच स्तंभ असतात, कारण उंचीचे नमुने दोन्ही टोकांच्या अंशरेषांवर घेतलेले मानले जातात. म्हणजे पहिल्या पिक्सेलचा मध्य अंशरेषेवर आहे आणि त्याचा कोपरा तिच्या अर्धा सेकंद बाहेर आहे. जीडॅल हे सांभाळून घेते. तुकडा स्वतःच्या कोडने वाचणाऱ्याने मात्र ते स्वतः सांभाळावे लागते.

तिसरी पायरी: एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत

हे काम हाताने लिहू नये. प्रोज या ग्रंथालयाने, किंवा पायथॉनमधील पायप्रोजने, रूपांतरक एकदाच तयार करावा आणि सगळ्या बिंदूंचे निर्देशक त्याला एकत्र द्यावेत. प्रत्येक पिक्सेलसाठी नवा रूपांतरक बनवणारा कोड बरोबर उत्तर देतो, पण मिनिटांचे काम तासांवर नेतो.

इथला सर्वात मोठा सापळा अक्षांच्या क्रमाचा आहे. ईपीएसजी ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ वरील अक्षांश-रेखांशांची प्रणाली, हिच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर येतो. जुनी साधने सोयीसाठी उलटा क्रम वापरीत. २०१९ मध्ये आलेल्या प्रोज ६ आणि जीडॅल ३ यांनी मात्र अधिकृत क्रम पाळायला सुरुवात केली. त्यामुळे त्याआधी लिहिलेला कोड आज चालवला, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल होऊ शकते. पायप्रोजमध्ये रूपांतरक बनवतानाच ‘नेहमी क्ष आधी, य नंतर’ असे सांगणारा पर्याय असतो. तो न चुकता लावावा. रेखांश ९० पेक्षा मोठा असेल, तर अदलाबदल लगेच उघडकीस येते. तो लहान असेल, तर बिंदू मुकाट्याने जगाच्या दुसऱ्याच भागात जाऊन पडतो.

डेटमचा, म्हणजे निर्देशक ज्या संदर्भावरून मोजले जातात त्याचा, प्रश्न आजच्या उपग्रह प्रतिमांपुरता फारसा उभा राहत नाही, कारण त्या बहुतेक डब्ल्यूजीएस ८४ वर असतात. जुने नकाशे स्कॅन करून बनवलेल्या रास्टरांत मात्र जुना डेटम असतो. उत्तर अमेरिकेतील १९२७ आणि १९८३ च्या डेटममधले अंतर अनेक ठिकाणी दहा-वीस नव्हे, तर कित्येक दहा मीटर भरते, आणि ते अचूक बदलण्यासाठी प्रोजला दुरुस्तीची वेगळी ग्रिड फाइल लागते. ती उपलब्ध नसल्यास प्रोज कमी अचूकतेचा मार्ग निवडू शकतो. म्हणून कोणता मार्ग निवडला गेला आणि त्याची अचूकता किती, हे विचारून पाहावे.

चौथी पायरी: जमिनीवरून दुसऱ्या रास्टराच्या ओळ-स्तंभाकडे

इथे दुसऱ्या पायरीतले सूत्र उलटे चालवायचे. जाळे तिरके नसेल, तर स्तंभ = (क्ष − ग०) ÷ ग१ आणि ओळ = (य − ग३) ÷ ग५. उत्तर अपूर्णांकात येते, आणि त्याचा पूर्णांक घेताना नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जावे. नुसता दशांश भाग कापून टाकला, तर −०.३ चे ० होते आणि रास्टराच्या बाहेरचा बिंदू पहिल्या स्तंभात शिरतो. जवळच्या पूर्णांकाकडे गेले, तर अर्ध्या पिक्सेलची चूक होते. त्यानंतर ओळ आणि स्तंभ हे शून्य ते एकूण संख्या वजा एक या मर्यादेत आहेत का, हे तपासावे. पायथॉनमध्ये ऋण क्रमांक दिला तर यादी शेवटून मोजली जाते. तपासणी नसेल, तर डाव्या कडेबाहेरचा बिंदू उजव्या कडेचे मूल्य घेऊन येतो आणि कुठलीही त्रुटी दिसत नाही.

एक पूर्ण उदाहरण करून पाहू. पहिले रास्टर यूटीएमच्या ३१ उत्तर विभागात, १० मीटरचे, वरचा डावा कोपरा (६०००००, ४९०००२०). दुसरे रास्टर साऱ्या जगाचे, ०.०५ अंशाचे, वरचा डावा कोपरा (−१८०, ९०), म्हणजे ७२०० स्तंभ आणि ३६०० ओळी. पहिल्यातला स्तंभ २५०० आणि ओळ ४००० घेऊ.

मध्याचे निर्देशक: क्ष = ६००००० + २५००.५ × १० = ६२५००५; य = ४९०००२० − ४०००.५ × १० = ४८६००१५.
अक्षांश-रेखांशात बदलल्यावर: रेखांश सुमारे ४.५५६१ अंश पूर्व, अक्षांश सुमारे ४३.८८२६ अंश उत्तर.
दुसऱ्या रास्टरात: स्तंभ = (४.५५६१ + १८०) ÷ ०.०५ = ३६९१.१२, म्हणजे ३६९१; ओळ = (९० − ४३.८८२६) ÷ ०.०५ = ९२२.३५, म्हणजे ९२२.

पायथॉनमधील नमपाय या ग्रंथालयाच्या सारणीतून मूल्य काढताना मात्र आधी ओळ आणि मग स्तंभ, म्हणजे ९२२, ३६९१, असे लिहावे लागते. निर्देशकांत क्ष आधी येतो आणि सारणीत ओळ आधी येते. या उलटसुलटीची सवय होईपर्यंत चलांना ‘ओळ’ आणि ‘स्तंभ’ अशीच नावे द्यावीत.

पाचवी पायरी: एक पिक्सेल म्हणजे एक बिंदू नव्हे

इथपर्यंतचे गणित मध्यबिंदूचे होते. दोन रास्टरांची रिझोल्यूशने जवळपास सारखी असतील, तर तेवढे पुरते. ती फार वेगळी असतील, तर मध्यबिंदू फसवतो. वरच्याच उदाहरणात ०.०५ अंशाचा एक पिक्सेल त्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण सुमारे ५.६ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४ किलोमीटर भरतो. त्यात १० मीटरचे सुमारे सव्वादोन लाख पिक्सेल मावतात. मोठ्या पिक्सेलच्या मध्याखाली योगायोगाने आलेल्या एका लहान पिक्सेलचे मूल्य त्या सव्वादोन लाखांचे प्रतिनिधी मानणे मला कधीच पटलेले नाही, आणि तरीही अनेक साधनांची मूळ मांडणी नेमके हेच करते.

दुसरी अडचण आकाराची आहे. मोठा पिक्सेल स्वतःच्या प्रणालीत चौकोनी असला, तरी लहान जाळ्यावर तो तिरका पडतो. उदाहरणातले ठिकाण विभागाच्या मध्य रेखावृत्तापासून, म्हणजे ३ अंश पूर्वेपासून, सुमारे दीड अंश दूर आहे. तिथे खरी उत्तर आणि जाळ्याची उत्तर यांत सुमारे १.१ अंशाचा फरक असतो. साडेपाचशे ओळी खाली उतरेपर्यंत हा कल जवळजवळ १० स्तंभांचा सरकाव करतो. म्हणून मोठ्या पिक्सेलचे दोन कोपरे घेऊन मधला आयत कापणे बरोबर नाही. त्याऐवजी प्रत्येक लहान पिक्सेलचा मध्य मोठ्या जाळ्यात न्यावा, तो कोणत्या मोठ्या पिक्सेलमध्ये पडतो याची नोंद करावी, आणि मग त्या नोंदीप्रमाणे गट करून सरासरी काढावी. एका मोठ्या पिक्सेलमागे लहान पिक्सेल शेकड्यांनी असतील, तर ही पद्धत पुरेशी अचूक ठरते आणि तिचा कोड समजायलाही सोपा असतो. गुणोत्तर तीन-चार पटींचे असेल, तेव्हा मात्र कडेचे पिक्सेल अर्धे आत, अर्धे बाहेर असतात आणि त्यांचे प्रमाण मोठे असते. तिथे व्यापलेल्या क्षेत्राप्रमाणे भार देणे आवश्यक ठरते.

सरासरी काढायची की आणखी काही, हे माहितीच्या प्रकारावरून ठरते. परावर्तन, तापमान, उंची यांची सरासरी चालते. जमीनवापराचे वर्ग म्हणजे नुसते क्रमांक. २ म्हणजे जंगल आणि ४ म्हणजे पाणी असेल, तर त्यांच्या सरासरीतून येणारे ३ म्हणजे शेती हे निव्वळ निरर्थक आहे, तिथे सर्वाधिक वेळा आलेला वर्ग घ्यावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक वर्गाचे प्रमाण स्वतंत्र थरांत ठेवावे. लोकसंख्येसारख्या मोजणीची बेरीज करावी लागते. मोठ्याकडून लहानाकडे जाताना तीच संख्या विभागावी लागते. ती तशीच नकलून टाकली, तर एकूण लोकसंख्या शेकडो पटींनी फुगते. उताराची दिशा अंशांत असते, आणि ३५० व १० यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे नेमकी उलटी दिशा. दर्जा सांगणाऱ्या पट्ट्यांत प्रत्येक बिटाला वेगळा अर्थ असतो. त्यांना सर्वात जवळच्या पिक्सेलच्या पद्धतीखेरीज दुसरे काही लावू नये. वनस्पती निर्देशांकासारखी गुणोत्तरे शक्य असेल तिथे आधी मूळ पट्ट्यांची सरासरी करून नंतर काढावीत.

मोठ्या पिक्सेलचे मूल्य लहान जाळ्यावर आणताना शेजारच्या पिक्सेलवरून मधली मूल्ये काढणाऱ्या बायलिनियर किंवा क्युबिक पद्धतीने प्रतिमा गुळगुळीत दिसते, पण तिच्यात नवी माहिती येत नाही. क्युबिक पद्धत तर तीव्र कडांजवळ मूळ मर्यादेबाहेरची मूल्येही निर्माण करू शकते. पाणी आणि किनारा यांच्या सीमेवर ऋण परावर्तन दिसले, तर आधी तिच्याकडे पाहावे.

सहावी पायरी: संपूर्ण रास्टर एका जाळ्यावर आणणे

काही बिंदूंऐवजी सगळीच प्रतिमा जुळवायची असेल, तर आधी लक्ष्य जाळे कोणते हे ठरवावे आणि दुसरे रास्टर त्याच्यावर आणावे. गणित नेहमी लक्ष्याकडून स्रोताकडे चालते: लक्ष्यातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी स्रोतातले ठिकाण शोधले जाते. उलट दिशेने प्रत्येक स्रोत पिक्सेल लक्ष्यात टाकत गेले, तर काही जागा दोनदा भरतात आणि काही रिकाम्या राहून प्रतिमेत भोकांची नक्षी उमटते.

जीडॅलवॉर्प हे काम उत्तम करते, पण त्याला निव्वळ ईपीएसजी क्रमांक देऊ नये. तेवढेच दिले, तर पिक्सेलचा आकार आणि आरंभबिंदू ते स्वतःच ठरवते, आणि निघणारे रास्टर लक्ष्याच्या प्रणालीत असले, तरी त्याच्या जाळ्यावर नसते. लक्ष्य रास्टराची चतुःसीमा आणि पिक्सेलचा आकार हे दोन्ही पर्याय त्याच्याच फाइलमधून वाचून द्यावेत. रीसॅम्पलिंगची, म्हणजे नव्या जाळ्यावर मूल्ये काढण्याची, पद्धतही स्पष्ट लिहावी. न लिहिल्यास सर्वात जवळचा पिक्सेल घेतला जातो. वेग वाढवण्यासाठी ही आज्ञा प्रोजेक्शनचे गणित अंदाजाने करते आणि मुळात ०.१२५ पिक्सेलपर्यंतची चूक चालवून घेते. बहुतेक कामांना ते पुरेसे आहे, आणि नको असेल तर ती मर्यादा शून्य करता येते. रिकाम्या पिक्सेलचे मूल्य स्रोतात नोंदलेले नसेल, तर ते आज्ञेत सांगावे, नाहीतर −९९९९ हे खरे तापमान समजून सरासरीत मिसळले जाते.

एकाच प्रतिमेचे वारंवार रीसॅम्पलिंग करू नये. यूटीएममधून अंशांत, तिथून वेब मर्केटर या संकेतस्थळांवरील नकाशांच्या प्रोजेक्शनमध्ये आणि पुन्हा यूटीएममध्ये असा फेरा केला, तर प्रत्येक वळणावर मूल्ये थोडी पुसट होतात. वेब मर्केटरमध्ये क्षेत्रफळाचे कोणतेही गणितही करू नये: ६० अंश अक्षांशावर तिथली लांबी दुप्पट मोजली जाते, म्हणजे १० मीटरचा म्हणवणारा पिक्सेल जमिनीवर ५ मीटरचाच असतो.

सातवी पायरी: पडताळणी

पहिली कसोटी फेरीची. शंभरेक पिक्सेल निवडावेत, त्यांचे मध्य दुसऱ्या प्रणालीत न्यावेत आणि परत आणावेत. ओळ-स्तंभ दशांशांच्या चार स्थळांपर्यंत तेच आले पाहिजेत. मात्र ही कसोटी गणिताची आहे, अक्षांची अदलाबदल दोन्ही वेळा झाली तर ती तरून जाते. म्हणून दुसरी कसोटी डोळ्यांची ठेवावी: क्यूजीआयएसमध्ये दोन्ही थर एकावर एक ठेवून धरणाची भिंत, धावपट्टी किंवा नदीचा संगम अशी ठळक खूण पारदर्शकता कमी-जास्त करीत पाहावी. एकाच ठिकाणी पाहून थांबू नये. प्रतिमेच्या चारही कोपऱ्यांत पाहावे. सरकाव सगळीकडे सारखा आणि अर्ध्या पिक्सेलचा असेल, तर दोष मध्य-कोपऱ्याच्या गोंधळाचा आहे. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे वाढत जात असेल, तर पिक्सेलचा आकार चुकला आहे. सगळीकडे सारखा पण बऱ्याच मीटरांचा असेल, तर डेटम तपासावा.

आणि यांपैकी काहीच लागू पडत नसेल, तर दोष प्रतिमेचाच असू शकतो. भू-निर्देशक अचूक गणिताने काढले, तरी ते मूळ प्रतिमेच्या भू-स्थाननिश्चितीइतकेच खरे असतात. लँडसॅटच्या डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या कलेक्शन २ मध्ये जमिनीवरील संदर्भबिंदू सेंटिनेल-२ च्या संदर्भ प्रतिमांशी जुळवून घेतले गेले, ते याच कारणाने. त्याआधीच्या संग्रहातील प्रतिमा सेंटिनेलशी जुळवायच्या असतील, तर आधी त्याच दृश्याची कलेक्शन २ मधील आवृत्ती उतरवून घ्यावी. ती मिळत नसेल तेव्हाच प्रतिमांची परस्पर तुलना करून उरलेला सरकाव मोजण्याच्या कामाला हात घालावा.